यंदाच्या थंडीत तुमच्याकडे कोण कोण उतरलंय?

थंडीचे पाहुणे पक्षी आता स्थिरावलेत. आपापल्या भागातला पाणवठा, माळ, खाडी किंवा समुद्रकिनारा, जे रोजच्या पाहण्यातलं असेल त्याबद्दल लिहा. मात्र ‘भरपूर बदकं होती’ एवढ्यावर थांबू नका. जात, अंदाजे संख्या, वेळ, पाणी किती होतं आणि ओळख कशावरून पटवली, हे सगळं येऊ द्या. भोवत्यांच्या (हॅरियर, शिकारी पक्षी) रातथाऱ्याची, म्हणजे रात्री एकत्र बसण्याच्या जागेची, किंवा घुबडांच्या ढोलीची नेमकी जागा सांगू नका, तालुका पुरे. आलेली उत्तरं खाली त्या त्या ठिकाणाच्या नावाने दिली आहेत.

भिगवण, कुंभारगाव बाजू

उजनी काठोकाठ भरलेलं असेल तर डिसेंबरात फक्त रोहितांसाठी (फ्लेमिंगो) इकडे येऊ नका. मोठा रोहित उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी बुडवून गाळ गाळून खातो. धरण भरलं की तसा काठच उरत नाही. रब्बीची आवर्तनं सुटून पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि मग थवे जवळ येतात. पाऊसमान चांगलं असलेल्या वर्षी जानेवारी अखेर ते मार्च हा काळ धरावा. दुष्काळी वर्षी ते आधीच येतात, पण गाळपेरीची शेतंही त्याच काठावर सरकतात आणि पक्षी मधल्या बेटांवर जातात.

बदकांचं वेगळं आहे. भुवई बदक सर्वांत आधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येऊ लागतं. थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग मागून येतात. ऑक्टोबरात नरसुद्धा मादीसारखेच मळकट असतात, विणीच्या हंगामानंतरची पिसं अजून बदललेली नसतात. त्या महिन्यातल्या ‘सगळ्या माद्याच होत्या’ अशा नोंदी म्हणूनच चुकतात. भुवई आणि चक्रांग यांच्या माद्यांत घोळ होतो. चेहऱ्यावर ठळक पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असेल तर भुवई. चेहरा साधा आणि शेपटीच्या कडेला फिकट रेघ असेल तर चक्रांग. थापट्या लांबूनही चुकत नाही, चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला पसरट.

नावाड्याला आधीच सांगून ठेवा, थव्यापासून दूर असतानाच इंजिन बंद करून पुढे बांबूने जायचं. रोहित माना ताठ करून सगळे एकाच दिशेने चालू लागले की नाव तिथेच थांबवायची. त्यांना उडण्याआधी पाण्यावर धाव घ्यावी लागते आणि त्यात बरीच ताकद जाते. उडतानाच्या लाल पंखांच्या फोटोसाठी थवा उठवायला सांगणारे पाहुणे येतात, नावाड्यांनी त्यांना सरळ नाही म्हणावं.

निफाड

नांदूरमध्यमेश्वरला मनोऱ्यावरच बसून राहणाऱ्यांचं अर्धं पाहणं राहून जातं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा गाळाने भरत आलाय, म्हणूनच पाणी उथळ आहे आणि म्हणूनच पक्षी आहेत. जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झालं ते याच उथळपणाच्या जोरावर. दुर्बिणीने मोकळं पाणी बघून झालं की कडेच्या लव्हाळ्याकडे वळा. शंकर (निळ्या गळ्याचा छोटा पक्षी) तिथेच खाली चिखलात उड्या मारत असतो. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग दिसला की गळा न दिसताही तो शंकरच.

सकाळी दहानंतर पाण्यावर हवा थरथरू लागते. मग २० ते ६० पट मोठं दाखवणाऱ्या स्पॉटिंग स्कोपवर ६० लावून काही उपयोग नाही, २५-३० वर आणा, चित्र लहान पण स्थिर मिळेल. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघायचं. उलट्या उजेडात प्रत्येक बदक काळं दिसतं आणि वारकऱ्यांचीही (कूट, काळा पाणपक्षी) बदकांत गणना होते.

सासवड-जेजुरीचे माळ

भोवत्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

दलदली भोवत्या आधी बाजूला काढा. तो भारदस्त असतो, त्याच्या कमरेवर पांढरा पट्टा नसतो, मादीचा माथा आणि गळा मलईसारखा. उरले मॉंटेग्यूचा आणि फिकट भोवत्या. मॉंटेग्यूच्या नराच्या पंखावर वरून एक काळी आडवी रेघ आणि पोटावर तांबूस रेघोट्या. फिकट भोवत्याचा नर जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाला काळी पाचर तेवढी. इथवर सोपं आहे. माद्या आणि पिल्लं तपकिरी असतात, कमरेवर दोघांच्याही पांढरा पट्टा, आणि घोळ तिथे सुरू होतो. पिल्लात मानेभोवती फिकट कंठा आणि त्याच्या मागे गडद पट्टा स्वच्छ दिसला तर फिकट भोवत्या. कंठा धूसर असेल तर बहुधा मॉंटेग्यूचा. मादी लांबून गेली आणि कंठा दिसलाच नाही तर ‘मॉंटेग्यू किंवा फिकट’ अशीच नोंद करा. अशा नोंदीत काही कमीपणा नाही. चुकीचं नाव लिहिलं की ते पुढे नकाशावर कायमचं बसतं.

रातथाऱ्यावर भोवते सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून येऊ लागतात, ते अंधार पडेपर्यंत. ते झाडावर नाही, गवतात जमिनीवर बसतात. म्हणून डांबरी रस्ता सोडून गवतात पाऊल टाकायचं नाही. बॅटरी नको, गाडीचे दिवे बंद. मोजताना फक्त उतरणारे पक्षी मोजा. एकच पक्षी बसण्याआधी चार घिरट्या घालतो आणि संख्या उगाच फुगते. दोघे असाल तर एकाने उत्तर, दुसऱ्याने दक्षिण वाटून घ्यावी.

गेल्या थंडीत भरलेला रातथारा यंदा रिकामा दिसला तर आधी गवत बघा. वणवा लागला असेल, माळावर झाडं लावण्यासाठी खड्डे खणले असतील किंवा मेंढरांनी गवत खाली आणलं असेल. भोवत्याला साधारण गुडघ्याएवढं उभं गवत लागतं. ‘ओसाड जमीन’ म्हणून त्यावर झाडं लावली की माळाचे पक्षी जातात, हे अजून पटवून द्यावं लागतं.

नवी मुंबई

ठाणे खाडीत वेळ घड्याळावर नाही, भरतीच्या तक्त्यावर ठरते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि रोहित नेरूळच्या बाजूच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. जवळून बघायचं तर तेव्हा. खाताना बघायचं असेल तर भरती चढत असताना खाडीकाठी थांबा, चिखल आक्रसतो तसे ते काठाकडे सरकतात. पूर्ण ओहोटीला गेलात तर दूरवर गुलाबी रेघ दिसेल, बाकी काही नाही.

भिगवणला बहुतेक मोठे रोहित, आमच्याकडे छोट्यांचं बहुमत. चोच बघा. मोठ्याची गुलाबी आणि टोक काळं, छोट्याची जवळजवळ सगळी गडद. विसाव्याच्या तलावात भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली की तो तलाव बिघडतो. पक्षी नाहीत असं दिसलं तर ते पाण्याचं तोंड मोकळं आहे का, हेही नोंदवा.

आक्षी, अलिबाग

किनाऱ्यावर पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोचा. वाळूची पट्टी अरुंद होते, चिखल्ये आणि सुरय हे किनाऱ्यावरचे पक्षी एकत्र बसतात. चालत जवळ जाऊ नका, एका जागी बसा, ते आपणहून जवळ सरकतात. कुरवांत (गल, समुद्रपक्षी) तपकिरी डोक्याच्या प्रौढाचा डोळा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद. थंडीत दोघांचंही डोकं पांढरंच, कानामागे एक डाग. म्हणून नावावर जाऊ नका, डोळा आणि पंखाचं टोक बघा.

मांडव्याच्या लाँचमधून कुरवांना फरसाण टाकणारे, कृपया थांबा. तळलेलं, खारट खाणं त्यांचं अन्न नव्हे.

गोंदिया

आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, छोटे आणि विखुरलेले आहेत. एकावर पक्षी नाहीत म्हणजे तालुक्यात नाहीत असं नसते. सकाळी तीन-चार तलाव ओळीने बघावे लागतात. पट्टकदंब हंस रात्री आणि पहाटे शेतात, गवतात चरतात, दुपारी पाण्याच्या कडेला झोपा काढतात. त्यामुळे अकराला तलावावर मिळालेली संख्या सात वाजताच्या संख्येपेक्षा जास्त भरू शकते. दोन्ही वेळा लिहा. मोठी लालसरी हे बदक खोल, वनस्पती असलेल्या पाण्यात असते, बेशरमच्या झुडपांनी काठ वेढलेल्या तलावात शोधत बसू नका. मासेमारीचं जाळं पडलं की सगळं शेजारच्या तलावावर जाते.

करमळी, गोवा

करमळीच्या तळ्यावर अडई बदकं शेकड्याने बसलेल्या असतात, त्यांच्या कडेने तलवार बदक आणि भुवई शोधायचे. पणजी-रायबंदर रस्त्यालगतची मिठागरंही बघा, पण गाडी रस्त्यावर थांबवू नका, वाहतूक फार आहे.

पुन्हा निफाडहून, मोजणीबद्दल

मोठा थवा एकेक पक्षी करून मोजता येत नाही. दहा पक्षी मोजून ते नजरेत किती जागा व्यापतात ते ठरवा, मग तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जा. हजारावर असेल तर शंभराचा तुकडा धरा. दोनदा मोजा, सरासरी लिहा. थापटे एकत्र गोल फिरत खात असतील तर ते थांबेपर्यंत मोजू नका. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत नेहमीचीच जागा, नेहमीचीच वेळ ठेवा, नाहीतर मागच्या वर्षाशी तुलना होत नाही.

आणि फेब्रुवारीत पाहणं बंद करू नका. पहिली नोंद सगळे करतात, शेवटची कोणी करत नाही. भोरड्या (गुलाबी मैना) एप्रिलपर्यंत असतात. शेवटचा थवा कुठल्या तारखेला दिसला, ते लिहून ठेवा.