मदत हवी आहे: प्रकाशा घाटावरचा सूर्योदय आणि सूर्यास्त

मंडळी, शहादा तालुक्यातल्या प्रकाशाला तापीकाठी केदारेश्वराच्या घाटावरून डिसेंबरअखेर दोन्ही वेळचे फोटो काढायचे आहेत. तापी पश्चिमवाहिनी, गाव उत्तर काठावर. त्या दिवसांत सूर्य पूर्वेपेक्षा साधारण २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेपेक्षा तितकाच दक्षिणेला मावळतो, म्हणजे दोन्ही वेळा पाण्याच्याच बाजूला. ही संधी वाया जाऊ नये.

खरी अडचण सकाळची. उजळ आकाश आणि सावलीतल्या पायऱ्या एका फ्रेममध्ये मावत नाहीत. सॉफ्ट ग्रॅज्युएटेड एनडी (वरून गडद, खाली हळूहळू पारदर्शक होणारा फिल्टर) लावला की कळसही काळवंडतो. ट्रायपॉडवर एफ/८, आयएसओ १०० ठेवून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फ्रेम घेतल्या, तर तेवढ्यात धुकं सरकतं, होडी डुलते आणि जोडताना कडा दुहेरी होतात. मग आकाश जपून एकच रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फ्रेम घ्यावी आणि सावल्या नंतर संगणकावर उजळून उचलाव्यात का? एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर किती स्टॉपपर्यंत उचललं तर दाणे दिसत नाहीत?

पहाटे लेन्सची काच उघड्या आकाशाखाली गार होऊन दव धरते. हूड (लेन्सपुढची कडा) पुरतं, की पॉवर बँकेवरचा हीटर पट्टा लागतोच?

संध्याकाळी उत्तरेचा सातपुडा धुरकट दिसतो. सूर्यापासून तो काटकोनाच्या आसपास असल्याने पोलरायझर (ठरावीक दिशेचा विखुरलेला प्रकाश अडवणारा फिल्टर) उपयोगी पडावा, पण लेन्सच्या १८ मिमी फोकल लांबीला (रुंद दृश्याला) आकाशात गडद पट्टा येतो. किती मिमीपासून तो जातो? शहादा-नंदुरबारकडच्यांनी जरूर सांगा.