भाऊबंदकीचं भरीत : शेतात की पार्सल?

तापीकाठ
परवा 'शहरी खान्देशी' यांनी लिहिलं की चंपाषष्ठीनंतर भाऊबंद शेतात जमून भरीत करतात ते आता पुरे झालं. किलोवर तयार भरीत मिळतं, कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या मिळतात, हॉल घ्या, जेवा, घरी या, बायकांचे कष्टही वाचतील. गॅसवर भाजलं काय न् काड्यांवर भाजलं काय, वांगं ते वांगंच. हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी गॅसचा हिशोब. पन्नास पानांना माणशी ४०० ग्रॅम धरली तर २० किलो वांगी. साल आणि पाणी जाऊन १२-१३ किलो भरीत उतरतं. भरताची वांगी मोठी, म्हणजे पंचेचाळीसेक नग. एकेकाला १२ मिनिटं धरा, दोन शेगड्यांवर साडेचार तास. शेतात कपाशीच्या काड्या अंथरून वांगी एका थरात मांडली, वरून पुन्हा काड्या टाकल्या की दोन भरांत पाऊण तासात काम उरकतं. आणि चवीचं म्हणाल तर गॅसची आच खालून एकाच जागी लागते. पोट करपतं, देठाजवळचा भाग कच्चा राहतो आणि तोच कच्चा गर भरतात कचकचतो. काड्यांचा जाळ चारी बाजूंनी गुंडाळतो, साल सगळीकडून सारखी सुटते. देठाखाली काडीनं दाबून बघा, काडी आत गेली की वांगं झालं.

शहरी खान्देशी
बाजारातलं तयार भरीतही काड्यांवरच भाजलेलं असतं. जळगावातून पुण्या-मुंबईला जातं, लोक आवडीनं खातात. मग शेतातच बसण्याचा हट्ट कशाला? कपाशीवर हंगामभर किती फवारण्या होतात ते शेतकऱ्याला सांगायला नको. त्याच काड्यांचा धूर पोरांच्या ताटात?

असोद्याचा
फवारणीचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय आहे. तुरीच्या काट्या वापरा, नाहीतर बांधावरच्या बाभळीच्या काटक्या. तूर तेव्हा उभी असते, म्हणून आदल्या सालच्या काट्या राखून ठेवाव्या लागतात, एवढाच त्रास. पार्सलचं मात्र पटत नाही. फोडणी घातलेलं भरीत डब्यात बंद करून चार तास गेले की मिठानं पाणी सुटतं, कोथिंबीर काळी पडते, कांद्याची पात बुळबुळीत होते, शेंगदाणे मऊ पडतात. आणायचंच तर नुसतं ठेचलेलं आणा, बिनमिठाचं, आणि फोडणी जेवायच्या जागी द्या.

यावलकर
वांग्यावर कोणी बोलतच नाही! जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगीच? बामणोद-भालोदकडचं फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं वांगं घ्या. हातात मोठं पण वजनाला हलकं असेल ते उचलायचं, त्यात बिया कमी. जड वांगं जून झालेलं असतं, भरीत कडवट होतं आणि काळपट दिसतं. भाजल्यावर पाण्याखाली धरून सोलणारे बघितले की जीव तुटतो. धुराचा वास सगळा धुऊन जातो. बोटं पाण्याच्या वाटीत बुडवायची, देठ धरून साल ओढायची आणि परात तिरपी करून दहा मिनिटं ठेवायची. तपकिरी पाणी खाली उतरतं, ते टाकून द्यायचं, तोच कडूपणा. मग लाकडी उखळीत मुसळीनं ठेचायचं. मिक्सरमध्ये फिरवलं की त्याची खळ होते.

चोपड्याची सून
वीस किलो वांगी भाजायला पुरुष पुढं, फोटोही त्यांचेच. पुऱ्या कोण करतं? पन्नास जणांना माणशी पाच म्हणजे अडीचशे पुऱ्या. एका कढईत चार, घाण्याला दीड मिनिट, म्हणजे दीड तास जाळापुढं. तेही थापायला दोघी सोबत असल्या तर. पुरुषांची पंगत आधी, मग पोरं, बायका शेवटी, तोवर पुऱ्या चामट आणि भरीत गार. 'शहरी खान्देशी' यांचं बाकी काही पटत नसलं तरी पार्सल आणलं तर निदान सगळ्या बायका एका पंगतीला बसतील.

तापीकाठ
वहिनी, मग पुऱ्या सोडा, भाकरी करा.

चोपड्याची सून
शंभर भाकरी एका तव्यावर किती वेळ लागतो ते करून बघा, मग सल्ला द्या. पुरी त्याहून लवकर होते. प्रश्न पुरीचा नाही भाऊ, कढईपुढं कोण उभं राहतं त्याचा आहे. दोन कढया लावा, तळायला पुरुषांनी उभं राहा. तळणं काही अवघड नाही. तेल चांगलं तापू द्यायचं, नाहीतर पुरी तेल पिते.

दादरवाला
पुऱ्या चामट होतात त्या पिठामुळं. चार भाग दादर म्हणजे रब्बीची देशी ज्वारी, एक भाग सालीसकट काळे उडीद, दळतानाच मीठ. सहा किलो पिठाला पावणेपाच किलो दादर आणि सव्वा किलो उडीद. हल्ली संकरित ज्वारी घालतात, त्याला ना गोडी ना चिकटपणा.

धुळ्याकडचा
चारास एक? तो कळणा नव्हे भो, ज्वारीचंच पीठ झालं. आमच्याकडं दोनास एक. उडीद कमी पडला की पुरीच्या कडा फाटतात.

दादरवाला
दोनास एक घातलं की पुरी रबरासारखी ओढावी लागते आणि पोट रात्रभर जड. कडा फाटतात त्या विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठामुळं. पंधरा दिवसांचं पीठ वापरायचं आणि दोष उडदाला द्यायचा! दोन दिवस आधी दळून आणा, कोमट पाण्यात भिजवा, एका वेळी किलोभरच. सगळं एकदम भिजवलं की शेवटचा गोळा सैल पडतो.

धुळ्याकडचा
जळगावच्या लोकांना वाटतं कळणा त्यांनीच शोधला. शिंदखेड्यात, साक्रीत जाऊन खा एकदा. बाजरी घालतात तिकडं, तोही कळणाच. तुमचंच प्रमाण खरं हे कोणी ठरवलं?

दादरवाला
बाजरीच्या कळण्याची भाकरी करा, छान होते. पुरीला दादरच. ताज्या पिठाचं असेल तर तिनास एकपर्यंत मी येतो, पुढं नाही.

शहरी खान्देशी
मूळ मुद्दा बाजूला राहिला. बायकांच्या कष्टाबद्दल मी बोललो तेव्हा सगळे अंगावर आले, आता वहिनींनी तेच सांगितलं.

असोद्याचा
तुम्ही कष्टाचं एका ओळीत लिहिलं आणि वांगं ते वांगंच यावर दहा ओळी. राग त्याचा आला. भाऊबंद तीन तास जाळाभोवती बसतात, बांधाचे आणि वाटणीचे विषय निघतात, अबोला धरलेले दोघं एकाच परातीत वांगी सोलतात. हॉलमध्ये वीस मिनिटांत जेवून जो तो गाडीला चावी लावतो.

शहरी खान्देशी
बरं, भाजणं शेतात होऊ द्या. पण पुऱ्या बाहेरून आणाव्यात, यावर मी ठाम आहे.

चोपड्याची सून
बाहेरची पुरी तासाभरात वातड होते, त्यापेक्षा पिठाचे गोळे घरून न्या आणि तळणारे आधीच ठरवा. फोडणीही त्यांच्याकडंच द्या. वीस किलो वांग्यांना दोन किलो तेल, एक किलो लवंगी मिरची, अर्धा किलो लसूण, पाऊण किलो शेंगदाणे, तीन किलो कांद्याची पात. मिरची-लसूण जाडसर ठेचून घालायचं, शेंगदाणे तेलात आधी तळून बाजूला काढायचे, नाहीतर लसूण करपेपर्यंत ते कच्चेच राहतात. पात आच बंद केल्यावर, मीठ सगळ्यांत शेवटी.

यावलकर
टमाटा घालू नका म्हणजे झालं.

धुळ्याकडचा
टमाट्याचं मान्य. उडदाचं नाही.