मदत हवी आहे: गाडीचा घों घों आवाज, शनिवारी नाशिकला निघायचंय

अकोटावासी
पंधरा दिवस झाले, गाडी घों घों करतेय. एका गॅरेजवाल्याने पुढची दोन्ही व्हील बेअरिंगं बदलली. पैसे गेले, आवाज तसाच. दुसरा म्हणतो अख्खा गिअरबॉक्सच जुन्या बाजारातून आणून बसवा. शनिवारी आईला घेऊन सापुताऱ्यावरून नाशिकला जायचं आहे, मावसबहिणीचं लग्न आहे. घाटात बंद पडली तर? लवकर सांगा, प्लीज.

सुभानपुरा_नाना
अ‍ॅक्सलचा जॉइंट गेलाय. त्याच्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, धूळ शिरते. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं.

रावपुरेकर
नाना, जॉइंट गेला की वळताना टक टक होतं, घों घों नाही. कुठली गाडी, किती सालची, किती किलोमीटर, आवाज नेमका कधी? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

अकोटावासी
वॅगन आर, २००७, पेट्रोल, १ लाख ३८ हजार. टक टक नाही. आवाज चालवताना येतो.

हरणी_रोड
२००७ ची म्हणजे पंधरा वर्षं केव्हाच उलटली. आरसी रिन्यू केलीत का? पाच-पाच वर्षांनी करावी लागते.

अकोटावासी
केली आहे. मी आवाजाबद्दल विचारतोय.

मांजलपूर८
जाड गिअर ऑइल टाका, ९० नंबरचं. आवाज गप्प होतो. मी दोन गाड्यांना केलंय.

प्रतापनगर_निवृत्त
गप्प होतो, बरा होत नाही. बेअरिंग झिजतच राहतं आणि थंडीत सकाळी गिअर पडत नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाकावं. जीएल-५ दर्जाचं ऑइल तर डोळे झाकून कधीच टाकू नका, गिअर अलगद पडावा म्हणून आत पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्यांना ते मानवत नाही.

अकोटावासी, मी ३४ वर्षं रेल्वेत बेअरिंगंच ऐकली, म्हणून सांगतो. गाडी उभी ठेवा, इंजिन चालू, न्यूट्रल. पाय क्लचवरून काढून ऐका, मग क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, कारण दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट दाबल्यावर सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं. मग मोकळ्या रस्त्यावर ५० ला न्यूट्रल करा. इंजिन मंदावूनही घों घों वेगाबरोबरच राहिली तर चाकं, टायर किंवा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग). हे करून मगच सुटे भाग घ्या.

मांजलपूर८
माझ्या दोन्ही गाड्या आजही चालतात, एवढंच म्हणेन.

अकोटावासी
आत्ताच केलं. उभ्या गाडीत घरघर आहे, क्लच दाबला की पूर्ण बंद! पाचपाच वेळा बघितलं.

प्रतापनगर_निवृत्त
मग चाकांची बेअरिंगं उगाच बदलली. दोष इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा, आणि १ लाख ३८ हजाराला ते सहसा असं जात नाही. गाडी पाण्यात उभी होती का?

अकोटावासी
हो, ऑगस्ट २०२४ च्या पुरात तीन दिवस. सीटपर्यंत पाणी होतं. ते अख्ख्या बडोद्याचंच झालं, म्हणून लिहिलं नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, सगळं बदललं होतं.

रावपुरेकर
आणि गिअर ऑइल?

अकोटावासी
त्याचं कोणी काही बोललंच नाही.

हरणी_रोड
विश्वामित्री नदीने त्या वेळी २५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती. आमच्या सोसायटीत मगर आली होती, वनखात्याचे लोक घेऊन गेले. अजूनही मुलं पार्किंगमध्ये एकटी जात नाहीत.

प्रतापनगर_निवृत्त
गिअरबॉक्सला हवा खेळायला वर ब्रीदर असतो. डबा बुडाला की पाणी तिथून आत शिरतं. उद्या सकाळी, गाडी सुरू न करता, खालचा ड्रेन नट जरा ढिला करा. पाणी तळाशी बसलेलं असतं, ते आधी येईल.

अकोटावासी
केलं. आधी अर्धा कप पाणी, मग दुधाच्या चहासारखं ऑइल. हात थरथरला बघून. नवीन ऑइल भरून शनिवारी निघू का?

सुभानपुरा_नाना
निघा, सावकाश चालवा.

प्रतापनगर_निवृत्त
नाना, यांच्याबरोबर आई आहेत. गंजलेलं बेअरिंग फुटलं तर तुकडे गिअरमध्ये जातात. घाटात नेऊ नका.

अकोटावासी
नाही नेत. रेल्वेने सुरत, पुढे बस. सोमवारी गिअरबॉक्स उतरवायला देतो. बेअरिंगांबरोबर सिंक्रो रिंगाही बदलू?

प्रतापनगर_निवृत्त
आधी दात आणि रिंगा बघा, झिजल्या असतील तरच. पण ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग बदलाच. बॉक्स उतरवायची मजुरी तीच, पुन्हा द्यावी लागणार नाही. आणि जुनी बेअरिंगं मागून घ्या, फोटो इथे टाका.