लिंबावरचा कावळा आणि सभेची वही

बिराजदार काका, बी-३०४: आज परत टोचला! पापड वाळत घालायला आमची ही हेल्मेट घालून गच्चीवर जाते. लिंबाची ती फांदी कधी तोडणार?

सचिव: काका, नमस्कार. फांदीलासुद्धा महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे.

बिराजदार काका: पार्किंगवर पत्रे टाकताना कुठली परवानगी काढली होती?

सचिव: कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

सुनीता मॅडम, ए-२०१: आमच्या गॅलरीतून घरटं सरळ दिसतं. काड्यांबरोबर लोखंडी तारापण विणल्यात पठ्ठ्याने. अंडी निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. त्यातलं एक बारकं आहे, ते कोकिळेचं. पिल्लं उडेपर्यंत महिनाभर थांबा, मग काय ते करा.

आकाश, सी-१०३: म्हणजे कावळ्याला येडं बनवलं की बे 😂

बिराजदार काका: महिनाभर?? फांदी कधी तोडणार?

कुलकर्णी आजोबा: 🌹 शुभ सकाळ 🌹

सुनीता मॅडम: आकाश, येडं कसलं? रंग न् ठिपके बऱ्यापैकी जुळतात. आपल्या सातभाईचं अंडं नुसतं निळं, ठिपका नाही. त्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पावशाचं आणि चातकाचंही तसंच निळं. परकं अंडं ओळखून बाहेर टाकणारे पक्षी असतात. जुळणारं तेवढं वाचतं, त्याचीच पिढी पुढं जाते. असं होत होत नक्कल पक्की होते. तोच चातक आफ्रिकेत मात्र बुलबुलाच्या ठिपकेवाल्या अंड्यांत पांढरं अंडं घालतो, आणि तिथं ते खपतं! सगळेच यजमान सारखे चौकस नसतात.

वैशाली, सी-२०२: मॅडम, टँकर किती वाजता येणारे?

आकाश: मग कोकीळ घरटं बघून रंग ठरवते का?

सुनीता मॅडम: नाही रे, तेच तर गमतीचं. झांबियात कक्कू फिंच म्हणून पक्षी आहे, तो आपल्या वटवट्याच्या एका भाऊबंदाच्या घरट्यात अंडी घालतो. २०२२ च्या संशोधनात दिसलं, की त्याच्या अंड्याचा रंग आईकडून लेकीला मिळतो, फक्त माद्यांत असणाऱ्या गुणसूत्रावरून. लेक आईसारखंच अंडं घालणार, रंग बदलून घ्यायची सोय नाही. आणि समोरची पार्टी हुशार. कुणाची अंडी लालसर, कुणाची निळी, कुणाची पांढरी, वर ठिपक्यांची नक्षी वेगळी. प्रत्येक मादीची स्वतःची सहीच म्हणा. सही जुळली नाही की अंडं बाहेर.

म्हेत्रे, बी-१०१: सहीवरनं आठवलं. मार्चच्या सभेच्या वहीत माझी सही कुणी केली? मी त्या दिवशी अक्कलकोटला होतो.

आकाश: 😂😂😂 कोकीळ कोण आहे बे आपल्यात

खजिनदार: म्हेत्रे साहेब, असे आरोप ग्रुपवर करू नयेत. आपला मेंटेनन्स डिसेंबरपासून थकलाय, तेही आठवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हेत्रे: लिफ्ट बंद असताना कसला मेंटेनन्स?

बिराजदार काका: फांदी कधी तोडणार?

सुनीता मॅडम: आणि चोरच नसला की काय होतं बघा. आफ्रिकेतली एक सुगरण १८८६ साली मॉरिशसला नेली. तिथं तिच्या घरट्यात अंडी घालणारी कोकीळ नाही. शंभरेक वर्षांत एकीच्या आणि दुसरीच्या अंड्यांतला फरक कमी झाला. धाक गेला, सह्या ढिल्या पडल्या.

म्हेत्रे: मॅडम, आमच्याकडं धाकही नाही आणि सह्याही आमच्या नाहीत.

खजिनदार: नाव घेऊन बोला.

सचिव: सर्वांना विनंती, शांत राहा. काका, उद्यापासून गच्चीच्या त्या बाजूला कुणी जायचं नाही, दोरी बांधतो. पापड टाकीच्या बाजूला घाला.

बिराजदार काका: टाकीच्या बाजूला सावली असते, पापड कसे वाळणार?

वैशाली: टँकर???

सचिव: टँकर पाचला. सह्यांचं रविवारी सभेत बघू, मी वही घेऊन येतो.

म्हेत्रे: कुठली वही? जुनी का नवी?