बाबांना ताकद येईपर्यंत ऑपरेशन थांबवायचं का?

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे, कऱ्हाडजवळ गावी असतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. सर्जन म्हणतात, गाठ निघेल, पण अंगात ताकद नाही. आधी तीन आठवडे तयारी करा. खुर्चीतून उठायला त्यांना हात टेकावे लागतात. तोवर आजार वाढला तर? माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.

उत्तर : मी फिजिओथेरपिस्ट. नुसत्या वयापेक्षा हा अशक्तपणा जास्त नडतो. ऑपरेशननंतर न्यूमोनिया होतो, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो, अंथरुण धरतो. जी-८ चाचणी (वयस्कर कॅन्सर रुग्णांचं खाणं, वजन, हालचाल वगैरे बघणारे आठ प्रश्न) करून घ्या. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले तर सविस्तर तपासणी लागते. रोज चालवा, खुर्चीतून उठबस करवा. प्रत्येक जेवणात अंडं, दही नाहीतर घट्ट वरण हवंच (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). पण पोट फुगलं, उलट्या झाल्या, शौचाला होईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उत्तर : सगळ्या गोळ्या पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवा. झोपेचीसुद्धा.

प्रश्नकर्ता : झोपेची गोळी ते रोज घेतात! उद्याच विचारतो.