बंद भूमिगत कोळसा खाणीतलं पाणी किती वर्षं मोजायचं?

वर्धाकाठ (धागाकर्ता)
चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यातल्या जुन्या भूमिगत खाणी एकेक करून बंद होताहेत. खाण चालू असते तोवर पंप रात्रंदिवस पाणी उपसतात. पंप थांबले की तेच पाणी गोफमध्ये (कोळसा काढून उरलेल्या पोकळीत), जुन्या गॅलऱ्यांमध्ये (खाणीतल्या बोगद्यांत) साठत वर चढतं. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या खाणबंदी मार्गदर्शक सूचनांमध्ये बंदनंतर हवा-पाणी तपासायचा खर्च तीन वर्षांचा धरला होता. माझा आक्षेप या तीन वर्षांना आहे. मोठी खाण भरायला दहा-वीस वर्षंही लागू शकतात. म्हणजे पाणी खोल असेपर्यंत आपण मोजणार, आणि ते विहिरींच्या पातळीला येईल तेव्हा मोजायला कुणी नसणार. मुदत कॅलेंडरवरून ठरवू नका, पाण्याच्या पातळीवरून ठरवा. पातळी स्थिरावली की तिथून पुढे तीन वर्षं धरा.

निवृत्त_सर्व्हेअर
पटत नाही. भीती घालायची तर आधी आपला कोळसा कुठला ते बघा. मेघालयातल्या कोळशात गंधक भरपूर, म्हणून जैंतिया टेकड्यांतल्या नद्या आम्लधर्मी झाल्या. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक साधारण एक टक्क्याच्या आत. शिवाय खाण पूर्ण बुडाली की हवा तुटते आणि आम्ल तयार होणं मंदावतं. म्हणजे काळ जाईल तसं पाणी सुधारतं. पातळी जरूर मोजा, ते सुरक्षेचं काम आहे. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या खोदकामातलं पाणी फुटून ३७५ माणसं गेली. टाकून दिलेल्या खोदकामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदायचं नाही, हा नियम उगाच नाही. पण प्रयोगशाळेच्या तपासण्या वर्षानुवर्षं करत बसणं म्हणजे निव्वळ खर्च.

वर्धाकाठ
काका, आम्ल नाही म्हणून पिण्याजोगं ठरत नाही. लोह, सल्फेट, कठीणपणा, एकूण क्षार यांचं काय? आणि 'पुढे सुधारतं' हे तुम्हीच म्हणताय. मग सर्वात वाईट पाणी येतं ते भरण्याच्या काळात आणि त्यानंतर लगेच, म्हणजे नेमकं आपण मोजणं बंद केल्यावर.

भूजल_विद्यार्थिनी
दोघांनीही एक गोष्ट सोडली, नमुना घेतात कसा. चानकातलं (खाणीत उतरायच्या उभ्या विवरातलं) पाणी वरपासून खालपर्यंत सारखं नसतं. पावसाचं गोडं पाणी वर राहतं, क्षारांचं जड पाणी खाली बसतं. वरच्या दोन मीटरमधून बाटली भरली की अहवाल छान येतो. खाली जाऊन ठरावीक खोलीवर तोंड बंद होणारं नमुनापात्र लागतं, आणि पीएच तिथेच, काठावर मोजावा लागतो. खोलवरचं पाणी काढतं वेळी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण त्यात लोह विरघळलेलं असतं. हवा लागली की संध्याकाळपर्यंत बाटलीच्या तळाशी नारिंगी साका जमतो. असं पाणी न गाळता, आम्ल न घालता दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोचलं तर लोहाचा आकडा खरा येईलच कसा? माझ्या मते वर्षं वाढवण्याआधी पद्धत सुधारा. चुकीचा नमुना तीस वर्षं घेतला तरी चुकीचाच.

नाल्याकाठची
तुम्ही सगळे मोजमापाचंच बोलून राहिले. आमच्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी होतं ते खाणीच्या पंपामुळं. त्यावर आमची संत्रा-मोसंबी नाही, पण हरभरा आणि भाजी निघत होती. खाण बंद, पंप बंद, नाला कोरडा. मोजून माझं वावर भिजते का जी? तपासणीचा पैसा पंपाला द्या, पाणी तसंच सोडत राहा.

निवृत्त_सर्व्हेअर
ताई, तुमची अडचण खरी आहे, पण उन्हाळ्यात उपसायचं आणि पावसाळ्यात भरू द्यायचं हे गावाच्या खालच्या जुन्या खाणीत धोक्याचं. भरलेलं पाणी छताला थोडा आधार देतं. पातळी सारखी वरखाली झाली की कोळशाचे खांब झिजतात. घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये अमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुनी भूमिगत खाण होती. त्याचा दोष मी पाण्याला देत नाही, पण वर वस्ती असेल तिथे पंपाला हात लावण्याआधी नकाशा आणि पातळी दोन्ही हवेत.

नाल्याकाठची
मग वस्ती नाही तिथं तर सुरू करा! आणि पाणी पिकाला चालते का, ते कोण सांगणार?

वर्धाकाठ
ताई, तेच तर. ते सांगायलाच तपासणी लागते. जर्मनीत रुहरच्या खाणी २०१८ मध्ये संपल्या, तरी तिथे पाणी उपसायचा आणि तपासायचा खर्च कायमचा धरून त्यासाठी वेगळं प्रतिष्ठान ठेवलंय.

निवृत्त_सर्व्हेअर
जर्मनीचा पैसा इथे आणू नका. आपल्याकडे भूमिगत खाणीसाठी बंदीचा खर्च २००९ च्या दराने हेक्टरी एक लाख धरला होता. त्यातून किती तपासण्या होणार? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावोगावच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरमध्ये मोजतेच. बंद खाणीजवळ एक पायझोमीटर (पातळी मोजायची बारीक नळीची विहीर) पाडून त्यांच्या यादीत घाला. बास.

भूजल_विद्यार्थिनी
एक पुरणार नाही, काका. एक खाणीच्या पोकळीत, एक वरच्या कामठी वाळूखडकात. गावच्या विहिरी त्या वाळूखडकातून भरतात. दोन्ही पातळ्या जवळ येऊ लागल्या की खालचं पाणी वर शिरायची वेळ आली, हे आधी कळतं. एकाच विहिरीवरून ते कधीच कळणार नाही.

निवृत्त_सर्व्हेअर
दोन चालतील. पण पैसे कंपनीच्या एस्क्रो खात्यातून (खाणबंदीसाठी अडकवून ठेवलेल्या ठेवीतून), कंपनीला शेवटचा हप्ता सुटायच्या आधी वेगळे काढलेले. नंतर मागितले तर कुणी देणार नाही.

नाल्याकाठची
आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. नुसता कार्यालयात नको. मे महिन्याचा तर नक्कीच.