घाण्याचं शेंगतेल, करडई की रिफाइंड? सांगलीकरांनो, मदत हवी आहे

नमस्कार. आठवडाभर आमच्या घरात तेलावरून तोंडं वाकडी आहेत, म्हणून इथं विचारते.

अण्णांचं (सासरे, वय ६८) वाईट कोलेस्टेरॉल १६२ आलं. डॉक्टर "तेल कमी करा" म्हणून मोकळे झाले. कुठलं, किती, ते राहिलंच. सासूबाईंचं म्हणणं, तासगावाकडच्या रानातल्या शेंगांचं लाकडी घाण्याचं तेल जन्मभर खाल्लं, तेव्हा कुठं होतं कोलेस्टेरॉल? (तेव्हा तपासणी तरी कुठं होती, हे मी मनातच म्हणाले.) नणंद फोनवरून करडईचा जप करते. आणि नवऱ्याला कॅनवर 'कोलेस्टेरॉल फ्री' दिसलं की तो सूर्यफुलाचे दोन कॅन गाडीवर टाकून आणतो.

परवा घाण्याच्या तेलात कांदाभजी सोडली, तर कढईच्या काठापर्यंत फेस आणि ओट्यावर धूरच धूर. रिफाइंडमध्ये केलेल्या भडंगाला मात्र कुणी हात लावला नाही. अण्णा म्हणाले, "हे भडंग न्हाई, तेलकट चुरमुरं हायत." मग कशाला कुठलं तेल वापरू? तिन्ही ठेवू का?

प्रतिसाद (मिरज): आधी तो कॅन. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे डालडाही 'फ्री'च! बघायचं ते सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी. पामतेलात ते निम्म्याच्या आसपास, शेंगतेलात साधारण पाचवा हिस्सा, सूर्यफूल-करडईत दहा टक्क्यांच्या आसपास. ट्रान्स फॅटला (डालड्यासारखं तेल घट्ट करताना तयार होणारी, त्याहून वाईट चरबी) २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी खारी-बटर आणताना पुडा उलटून वाचा.

फेसाचं म्हणाल तर घाण्याचं तेल गाळलेलं असतं, शुद्ध केलेलं नसतं. त्यातला चिकट अंश आणि ओल फेसाळते, धूरही लवकर येतो. तळणाला रिफाइंड, फोडणीला, चटणीवर, भडंगाला घाण्याचं. करडईत लिनोलिक आम्ल (कोलेस्टेरॉलला बरं, पण उष्णतेला नाजूक असं स्निग्ध आम्ल) भरपूर, पण म्हणूनच ते पुन्हापुन्हा तापवलं की लवकर बिघडतं. भाजीला चालेल. पण महिन्याला तेल लागतं किती?

धागाकर्ती: पाच माणसं, पाच लिटरचा कॅन महिनाभर.

प्रतिसाद (मिरज): म्हणजे साडेचार किलो, माणशी रोज ३० ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला राष्ट्रीय पोषण संस्थेनं वरून घातलेलं तेल-तूप २० ते २५ ग्रॅमच सांगितलं होतं. कूट किती लागतो?

धागाकर्ती: कूटपण धरायचा?? दोन किलो तरी. वांग्यात, कोशिंबिरीत, आमटीत, कशात नसतो!

प्रतिसाद (मिरज): शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच. दोन किलोंतून किलोभर तेल पोटात गेलं, माणशी रोज सहा-सात ग्रॅम. कूट वाईट नाही, त्यात प्रथिनं आहेत. पण कूट घातलेल्या भाजीला फोडणी अर्धी करा. कॅनमधून धार धरू नका, पोह्याच्या चमच्यानं मोजा. आणि अण्णांना गोळी लागेल का, ते डॉक्टरांनाच विचारा.

प्रतिसाद (विटा): घाण्यावर नेण्याआधी दाणे परातीत पसरून निवडा. काळे, सुरकुतलेले, बुरशी धरलेले काढा. पोत्याला ओल लागली असेल तर ती शेंग नकोच. अशा दाण्यात अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) होतं आणि घाण्याच्या तेलातून ते निघत नाही. तेल स्टीलच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवा. एकदम पंधरा लिटर काढून आणू नका, खवट होतं. आमचं मागच्या पावसाळ्यात झालं, शेवटी दिव्याला वापरलं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आज मोजून चार चमच्यांत पाच जणांची वांगी केली. सासूबाई चमच्याकडं बघतच राहिल्या. अण्णांनी वाटी तिरकी करून विचारलं, "तवंग कुठं गेला?" आता रविवारच्या मटणाचं काय करू, तेवढं कुणीतरी सांगा.